अकरा रुपयांची सिगार

एक सिगार आम्हाला अकरा रुपयांना पडत होती आणि आम्ही ती तीन रुपयांना विकत होतो.

हा आकडा माझाच होता. नीट तपासून मी तो काणे साहेबांच्या टेबलावर ठेवला. काणे साहेब आमच्या हॉटेलचे मॅनेजर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद जवळ धरून पाहिला आणि चष्मा पुन्हा खाली घेतला.

"म्हणजे सिगार गिऱ्हाईक ओढतं आणि पैसे आपले जळतात."

"हो सर."

"मग बंद करू. शुक्रवारी शेठजी येतायत. कॉस्ट शीट फेअर करून ठेव. लाउंज बंद, नामदेवराव लाँड्रीत."

मी पुन्हा "हो सर" म्हणाले. ऑफिसमध्ये माझं बहुतेक बोलणं एवढंच असतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि कमी बोलणारी, त्यामुळे स्टाफला मी शिष्ट वाटते. मी शिष्ट नाही. फक्त मला काही सुचेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

माझं काम कॉस्टिंगचं. अकाउंट्सवाले पैसे किती आले आणि किती गेले ते बघतात. आम्ही एक वस्तू नेमकी कितीला पडली ते बघतो. घरी पोहे केले की पोहे, कांदा, तेल यांचा खर्च दिसतो. पण स्टोव्हचं रॉकेल, घासायला लागलेली राख आणि करणाऱ्या बाईची सकाळ कोणी धरत नाही. आमच्या भाषेत याला ओव्हरहेड म्हणतात. हा ओव्हरहेड कोणत्या वस्तूच्या नावावर टाकायचा, यात आमची अर्धी नोकरी जाते.

सिगारच्या नावावर मी काय काय टाकलं होतं, ते सांगते.

आमचं हॉटेल सीताबर्डीहून चालत येण्याच्या अंतरावर आहे. पहिल्या मजल्यावर सिगार लाउंज. वेताच्या दहा खुर्च्या, मधे बुटकी टेबलं, भिंतीशी सागवानी कपाट. कपाटात सिगार. सिगार म्हणजे सुकवलेल्या पानांची घट्ट गुंडाळी, आणि तिला थोडी ओल लागते. नागपूरच्या एप्रिलमध्ये ओल कुठून आणायची? वरचं पान कांद्याच्या सालासारखं सुटून येतं. म्हणून आमच्या मालकांनी, म्हणजे शेठजींनी, त्या खोलीत हॉटेलमधला सर्वांत मोठा कूलर बसवला. तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, आत पाण्याचा पंप. डायनिंग हॉलला पंखे, ऑफिसला पंखे, आणि कूलर सिगारना.

त्यामुळे कूलरची वीज, वाळा, उन्हाळ्यात टँकरने आणलेलं पाणी आणि लाउंज सांभाळणाऱ्या नामदेवरावांचा पगार, असं सगळं मी सिगारच्या नावावर टाकलं. सिगारबरोबर कॉफी फुकट होती, तीही टाकली. मग या एकूण खर्चाला विकलेल्या सिगारींनी भागलं. अकरा रुपये आले. पुस्तकात लिहिलेली पद्धत हीच आहे.

मला खटकत होती ती दुसरीच गोष्ट. पॅन्ट्रीच्या खिडकीतून लाउंज दिसतो. रोज संध्याकाळी दहाच्या दहा खुर्च्या भरलेल्या असत आणि प्रत्येक खुर्चीतून धूर येत असे. विकलेल्या सिगारी मात्र तीन, फार तर चार.

दुसऱ्या दिवशी लाउंज उघडायच्या आधी मी दारात जाऊन उभी राहिले. आत गेले नाही. बायकांनी आत जाऊ नये असा बोर्ड नव्हता, पण कोणी गेलेलीही नव्हती. नामदेवराव आत टेबलं पुसत होते. कुहीकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. पांढऱ्या युनिफॉर्मला कधी डाग दिसायचा नाही.

"नामदेवराव, लोक बाहेरून सिगार आणतात का?"

"नाही जी. बाहेरची मी आनू देत नाही."

"मग चार सिगारींत दहा जण कसे ओढतात?"

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि कपाटाचं खालचं दार उघडलं. आत चिनी मातीच्या लोणच्याच्या लहान बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर कागदाची पट्टी, पट्टीवर आडनाव. त्यांनी एकीचं झाकण काढलं. आत अर्धी विझलेली सिगार.

"हे ठेंगडी साहेबाची. सोमवारी पेटवली होती."

"आज बुधवार आहे."

"अजून उद्याची भागते. अर्धा-पाव ओढतेत अन् माह्यापाशी ठेवतेत. घरी कशी नेतीन? घरी तं सोडली म्हनून सांगितलं हाये."

"तुम्ही ठेवू नका ना. मग रोज नवी घेतील."

"नवी काहून घेतीन, मॅडम? येनंच बंद करतीन."

मग जे सांगायचं नव्हतं तेच मी सांगून टाकलं. "लाउंज बंद करणार आहेत. शुक्रवारी ठरेल."

नामदेवरावांनी बरणीचं झाकण लावलं आणि ती ओळीत परत ठेवली.

"मंग मले कुठं?"

"लाँड्रीत."

"बॉयलरपाशी. मे महिन्यात." त्यांनी कपाटाचं दार लावून घेतलं. मग विचारलं, "तुमाले आकडा बदलता येत नाही का?"

"नाही."

"मले वाटलंच होतं. चेहऱ्यावरूनच दिसते."

हे कौतुक होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. पण त्या संध्याकाळी मी वेळेवर घरी गेले नाही. पॅन्ट्रीत स्टूल घेऊन खिडकीशी बसले. आकडा बदलता येत नाही, पण तो पुन्हा बघता येतो.

ठेंगडी साहेब आले. निवृत्त फॉरेस्ट ऑफिसर, मिशा झुपकेदार. नामदेवरावांनी बरणी पुढे केली. त्यांनी आपला तुकडा पेटवला, दोन झुरके घेतले आणि तो रक्षापात्राच्या काठावर ठेवून दिला. तो आपोआप विझला. त्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांनी कॉफी मागवली, बुटांच्या नाड्या सैल केल्या, खुर्ची जरा पुढे ओढली. शेजारच्या वकिलांनीही खुर्ची ओढली. मग मला खुर्च्या दिसल्या. इतके दिवस मी धूर बघत होते. गोठ्यात गुरं गव्हाणीकडे तोंड करून असतात, तशी दहाही खुर्च्यांची तोंडं कूलरकडे होती.

"काय बघून राहिली गं पोरी तिथून?" ठेंगडी साहेबांनी मला पाहिलं होतं. "ये ना आत. सिगार ओढते का?"

सगळे हसले. माझे कान तापले. "नाही सर."

"बरं करतेस. आम्हीही कुठं ओढतो."

घरी जाताना रिक्षात मी हे वाक्य मनात फिरवत होते. कॉस्ट शीट फेअर केली, पण तिच्यामागे आणखी एक कोरा कागद लावला.

शुक्रवारी दुपारी शेठजी काटोलहून आले. तिकडे त्यांच्या संत्र्यांच्या बागा आहेत. काणे साहेबांच्या केबिनमध्ये पंखा गरम हवा खालीवर करत होता. शेठजींनी रुमालाने मान पुसली, मग टक्कल, मग पुन्हा मान.

"काणे, इथं तर भट्टी होऊन राहिली. चला, तिकडं लाउंजमध्ये बसू."

मी लाउंजच्या उंबरठ्याशी थांबले. शेठजींनी मागे वळून पाहिलं. "आ जा, बेटी. बंदच करायचा आहे, तर आता काय."

मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. वाळ्याचा वास, गार वारा, त्यामागे तंबाखूचा जरासा कडवट वास. शेठजींनी चपला काढल्या, खुर्ची कूलरसमोर ओढून घेतली आणि पाय लांब केले. नामदेवरावांनी पाणी दिलं, कॉफी दिली आणि ते कपाटाजवळ जाऊन उभे राहिले. काणे साहेबांनी कॉस्ट शीट वाचून दाखवली. अकरा रुपये, तीन रुपये, तोटा.

"ठीक आहे," शेठजी डोळे मिटून म्हणाले. "बंद करून टाका."

नामदेवराव खाली बघत होते. काणे साहेबांनी फाइल मिटली आणि ते उठले. शेठजी उठले नाहीत.

"सर, चार वाजता लोक येतील."

"येऊ द्या ना. थोडा बसतो. एवढ्या उन्हात कुठं जाऊ? नामदेव, आणखी एक कॉफी आण गा."

काणे साहेब पुन्हा बसले. कॉफी आली. शेठजी काटोलच्या बागेबद्दल, विहिरीबद्दल, जावयाच्या नव्या गाडीबद्दल बोलत राहिले. कॉफी संपली, तरी ते बसलेच होते. मला एक वाक्य सुचलं होतं आणि आश्चर्य म्हणजे माणूस अजून समोर होता.

"सर, तुम्ही सिगार घेतली नाही."

काणे साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू फाइल बोलली.

"मी कुठं ओढतो, बेटी?"

"मग इतका वेळ काय घेतलं तुम्ही?"

शेठजींनी कपाकडे पाहिलं. "कॉफी घेतली." मग त्यांनी डोळे उघडून कूलरकडे पाहिलं. मग दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्यांकडे. त्याही कूलरकडेच तोंड करून होत्या.

"इथे येणारे सगळे हेच घेतात," मी म्हणाले. "मी कूलरचा खर्च सिगारच्या नावावर टाकला, कारण कूलर सिगारसाठी आणला होता. पण सिगार कोणी फारशी ओढत नाही. ती आत बसायला हातात लागते म्हणून घेतात. आपण जे विकतो ते कोणाला नकोय, आणि जे हवंय ते फुकट देतो. कूलर, पगार, कॉफी सगळं खुर्चीच्या नावावर टाकलं, तर सिगार दोन रुपयांनाही पडत नाही." मागे लावलेल्या कोऱ्या कागदावर मी गुरुवारी हा हिशेब मांडला होता. फाइल उघडून मी तो पुढे केला.

नोकरीला लागल्यापासून मी सलग इतकं बोलले नव्हते. नामदेवरावांनी न मागता माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

शेठजींचं पोट आधी हललं, मग ते हसले. "काणे, ये लडकी बोलती भी है?"

"आजच, सर," काणे साहेब म्हणाले. मग कागद वाचून म्हणाले, "पण खुर्चीचे पैसे कोण देईल? लोक भांडतील."

तेवढ्यात चार वाजले आणि ठेंगडी साहेब आले. आपल्या खुर्चीत शेठजींना पाहून ते जरा खट्टू झाले. शेठजींनी सरळ त्यांनाच विचारलं.

"ठेंगडी साहेब, खुर्चीचे पैसे लावले तर चालतील का?"

"किती?"

"दीड रुपया."

"तासाला?"

"नाही. बसाल तोवर."

"मग मी जेवण झालं की लगेच येईन. आणि सिगार?"

"घ्यायची तर घ्या. सक्ती नाही."

ठेंगडी साहेबांनी मोठा श्वास सोडला. "सुटलो बुवा. मले त्यानं खोकला होऊन राहिला होता."

सोमवारपासून खुर्चीला दीड रुपया लागला, कॉफीला वेगळे पैसे लागले आणि सिगार स्वस्त झाली. दुपारी खोली कुटुंबांना उघडली. पाचपर्यंत कोणी काही पेटवायचं नाही, असा बोर्ड लागला. पहिल्या आठवड्यात बायका दारातून डोकावून परत जात. मग एका दुपारी मीच माझी फाइल घेऊन आत जाऊन बसले. ती बसली तर आपण का नाही, असं त्यांना वाटलं असावं. पुढच्या आठवड्यात विणकाम आलं, भाजी निवडायला आली, एका बाईंनी तर चक्क शिकवणी आणली. सौ. ठेंगडीही आल्या. कपाटाचं दार उघडं होतं. त्यांनी लांबूनच बरण्या पाहिल्या.

"कशाचं लोणचं आहे हो?"

"हॉटेलचं हाये, बाई," नामदेवराव शांतपणे म्हणाले. "अजून मुरून राहिलं." आणि त्यांनी दार पायाने लावून घेतलं. पॅन्ट्रीत मी तोंडावर पदर धरून हसले. माझं हसू हॉटेलमध्ये पहिल्यांदाच कोणी ऐकलं असेल.

जूनअखेर मी हिशेब केला. लाउंज फायद्यात होता, तोही टँकरचं पाणी धरून. सिगारचा खप मात्र आणखी कमी झाला. बसायला ती लागत नाही म्हटल्यावर बहुतेकांनी सोडली, यावेळी खरंच. नामदेवराव लाँड्रीत गेले नाहीत. खुर्च्या वाढल्यावर ते काणे साहेबांना म्हणाले, "एका मानसाचं काम नाही राह्यलं जी," आणि त्यांच्या हाताखाली एक जण दिला गेला. मला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळालं. काणे साहेब आता मीटिंगमध्ये मला विचारतात, "तुझं काही?" बहुतेक वेळा मी "नाही सर" म्हणते. सवय एकदम जात नाही.

ऑक्टोबरअखेर थंडी पडू लागली. कूलर पुसून गोणपाटाने झाकला. मी शीटमध्ये कूलरचा रकाना कोरा सोडला आणि लाउंज रिकामा होण्याची वाट पाहू लागले. तो रिकामा झाला नाही. झाकलेल्या कूलरकडे तोंड करून सगळे रोजच्यासारखे बसतात आणि दीड रुपया देतात.

दिवाळीनंतर शेठजी आले, त्यांनी शीट पाहिली आणि बुचकळ्यात पडले.

"बेटी, कूलर बंद आहे. सिगार कोणी ओढत नाही. मग आता आपण पैसे कशाचे घेऊन राहिलो?"

यावेळी उत्तर लगेच सुचलं. "घरी न बसण्याचे, सर."

कुठल्याही वस्तूचा खर्च काढण्याआधी गिऱ्हाईक नेमकं काय घेतंय ते बघावं, एवढं मी यातून शिकले. हे कॉस्टिंगच्या पुस्तकात नाही. आणि घरी न बसण्यासाठी शीटमध्ये रकानाही नाही. मी ती कमाई दर महिन्याला 'इतर'मध्ये टाकते. ऑडिटरने अजून विचारलेलं नाही. तो स्वतः शनिवारी येऊन बसतो.