भोपळ्याचं वॉफल आणि साहेबांचं इन्स्पेक्शन

तिसरं वॉफलही मधोमध फाटलं. अर्धं वरच्या तव्याला चिकटलं, अर्धं खालच्या. आमचे वेल्फेअर ऑफिसर पाटणकर साहेब शेगडीवर वाकले होते. ते म्हणाले, "तुझ्या हाताला वळणच नाही."

पिंपरीत पन्नासच्या दशकात एक नवा कारखाना उभा राहत होता. त्याच्या गेस्ट हाऊसचा मी कुक होतो, प्रोबेशनवर. त्याच दिवशी, शनिवारी, माझे सहा महिने भरत होते. कायम झालो तर कॉलनीत खोली मिळणार होती. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, मुलगी चार महिन्यांची झाली तरी मी तिला एकदाच पाहिलं होतं. त्यामुळे मला त्या फाटक्या वॉफलची खरोखर भीती वाटत होती.

मशिनरी बसवायला आलेल्या परदेशी इंजिनियरच्या बाईंनी सोबत एक लोखंडी साचा आणला होता. चौकड्या पाडलेले दोन तवे, बिजागरीने जोडलेले. आत सैलसर पीठ ओतायचं, साचा मिटायचा आणि शेगडीवर दोन्ही बाजूंनी भाजायचा. जे निघतं ते वॉफल. बाईंचा वाढदिवस शनिवारीच होता आणि त्यांना नाश्त्याला त्यांच्या आईसारखं भोपळा घातलेलं वॉफल हवं होतं.

गंमत अशी की गेस्ट हाऊसमध्ये भोपळ्याला बंदी होती. पहिल्याच महिन्यात मी भोपळ्याची भाजी केली, तेव्हा पाटणकरांनी सर्क्युलर काढलं होतं. मजुरांच्या ताटातली भाजी पाहुण्यांना वाढायची नाही. आता बाईंनी नाव काढताच तोच भोपळा फॉरेनचा झाला. साहेब स्वतः जीपने चाकणच्या बाजारात गेले आणि येताना त्याला मांडीवर घेऊन बसले.

भांडी घासायला कुरुळीची कोंडाबाई होती. तिने भोपळा पाहिला आणि म्हणाली, "डांगराला पानी लई सुटतं. आधी कढईत आटवून घ्या. घारग्याला आमी तसंच करतो." मी तसंच केलं. मग मैदा, अंडी, दूध, चिमूटभर सोडा. पीठ छान जमलं.

तरी वॉफल फाटत होतं, आणि त्याला कारण पाटणकर. साच्याच्या फटीतून वाफ येते तोवर आतलं पीठ ओलं असतं. वाफ थांबली की वॉफल आपोआप सुटतं. पण मिनिट झालं की साहेब साचा उघडायचे. इन्स्पेक्शनशिवाय इथून काही बाहेर जात नाही म्हणे. कारखान्यात अजून एकही खिळा तयार झाला नव्हता, इन्स्पेक्शन मात्र जोरात होतं.

पीठ उरलं तीन वॉफलांपुरतं. खाणारेही तीनच, इंजिनियर, त्यांच्या बाई आणि आमचे जनरल मॅनेजर. कोंडाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "यांना कुटंतरी धाडा की."

मी म्हणालो, "साहेब, बाईंची गाडी येईल आता. गेटवर हार घालायला कोणी नाही. मॅनेजर साहेबांच्या लक्षात आलं तर?"

पाटणकरांनी टाय सरळ केला आणि हार घेऊन निघाले.

मी थांबलो. वाफ कमी झाली, मग बंद झाली. साचा उघडला तर वॉफल अखंड, खरपूस. पुढची दोनही तशीच निघाली. कोंडाबाईने कडेचा तुकडा चाखला आणि म्हणाली, "घारगंच हाय की."

बाईंनी पहिला घास घेतला आणि रुमालाने डोळे टिपले. कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. पाटणकर इंग्रजीत म्हणाले, "अंडर माय पर्सनल सुपरव्हिजन." मॅनेजर साहेबांनी पाटणकरांचा हात हातात घेतला. मला भयंकर राग आला, पण मी चहा ओतत राहिलो.

सोमवारी माझं कन्फर्मेशन लेटर आलं. त्याच्यासोबत सुधारित सर्क्युलरही. गेस्ट हाऊसमध्ये भोपळा शिजवू नये. अपवाद वॉफलचा, तोही वेल्फेअर ऑफिसरांच्या देखरेखीखाली.

पुढच्या रविवारी मी बायको-मुलीला कॉलनीत आणलं. बाई मायदेशी जाताना साचा घेऊन गेल्या. सर्क्युलर मात्र बोर्डावर पिवळं पडेपर्यंत राहिलं. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या कुकला मी एकच गोष्ट शिकवली. काम नाजूक असलं की आधी साहेबांच्या हातात हार द्यायचा.