सेतुअण्णाचं सोवळं

कुंभकोणमहून फोन आला तेव्हा मी पुण्यात डाळ निवडत बसले होते. "सेतु गेला गे... छातींत कफ झाला म्हणे," एवढं बोलून मावशीनं फोन ठेवला. सेतुअण्णा माझा मावसभाऊ, पन्नाशीचा. मद्रासच्या दवाखान्यात न्यूमोनिया म्हणाले. आता महिना उलटून गेला, पण तो न्यूमोनिया साधा होता की त्याच्यामागे आणखी काही होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. ज्यानं लोकांच्या रक्तातलं ते 'आणखी काही' मोजण्यात उमेदीची वर्षं घातली, त्याच्याबद्दल आपल्याला एवढंही कळू नये याचा मला राग येतो, आणि राग नेमका कुणाचा तेही कळत नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घराबाहेर तमिळ आणि घरात आमची जुनी मराठी, जी ऐकून माझ्या सासूबाई म्हणायच्या, सून बोलते की बखर वाचते? अण्णा मद्रासला एका प्रयोगशाळेत होता. ऐंशीच्या दशकात एड्सचं नाव कानावर यायला लागलं तेव्हा सगळे विचारत, रोग आहे की नाही. हा विचारायचा, किती आहे. एकदा स्वयंपाकघरात त्यानं मावशीला समजावलं होतं. "आई, विरजण डोळ्यांला दिसतें काय? दूध घालून पाहायचं. किती दही जमलें, त्यावरनं विरजण किती, तें सांगायचं." विषाणूजवळ स्वतःचं एक एन्झाइम असतं. रक्तातून ते वेगळं काढायचं, त्याला कच्चा माल द्यायचा आणि त्यानं किती काम केलं ते मोजायचं, असा त्याचा उद्योग. मावशीनं विचारलं, "आणि दही जमलेंच नाही तर?" अण्णा म्हणाला, "तर विरजण नाही. नाहीतर आहे, पण माझ्या मापांत न येण्याइतकं थोडं." "मग सकाळपर्यंत थांबायचं," मावशी म्हणाली, आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

त्यानंतर कधीतरी अण्णा घरी आला तो पार बदलून. जानवं खुंटीला टांगून मद्रासला आम्लेट खाणारा माणूस, विहिरीवर आंघोळ करून ओलेत्यानं आत आला आणि म्हणाला, मला शिवूं नका. जेवण सगळ्यांपासून लांब, ताट-तांब्या वेगळा, तोही स्वतःच घासायचा. आमच्याकडे सोवळ्याला मडी म्हणतात. "माझ्या लेकानें मडी धरली!" म्हणून मावशीनं गल्लीभर सांगितलं. आम्ही भावंडं मात्र करून करून भागला नि देवपूजेला लागला म्हणत त्याची टर उडवायचो. माझी मुलगी लहान होती, ती मामा म्हणून धावली तर हा भिंतीपर्यंत मागे सरकला. पोर रडली. असला कसला देव, म्हणून मी त्याला चांगलं सुनावलं, तेव्हा तो नुसता हसला.

मागच्या उन्हाळ्यात मी परत निघाले तेव्हा तो मला कुंभकोणमच्या बसस्टँडवर सोडायला आला. कॉफी पिताना, भोवती सगळी तमिळ गर्दी, त्यानं मराठीत सांगितलं. काही वर्षांपूर्वी काम करताना हातमोज्यातून सुई बोटात गेली होती. "मडींतल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही, इंदू." मी म्हटलं, अरे पण शिवल्यानं हा रोग होत नाही, हे तूच सगळ्यांना सांगतोस ना? "होय, अस्क्यांना सांगतों," तो म्हणाला. आपलं रक्त त्यानं आपल्याच पद्धतीनं पुन्हा पुन्हा मोजलं होतं. कधीच काही निघालं नव्हतं. "मग झालं की!" "माझ्या मापांत आलें नाही, एवढंच." मग ती साधी तपासणी का नाही करून घेत, हो की नाही सांगणारी? त्यानं कॉफी वाटीतून पेल्यात ओतली, पेल्यातून वाटीत ओतली... "ती हो म्हणाली तर?" तेवढ्यात माझी बस लागली.

तो आजारी होता, की नुसता भ्यालेला? की आधी ढोंग म्हणून धरलेलं सोवळं पुढे खरंच अंगी लागलं? कारण कोणी बघत नसतानाही मी त्याला देवापुढे डोळे मिटून बसलेलं पाहिलंय. एक धरावं तर दुसरं निसटतं. आणि मला खरी काळजी होती मावशीची. देवासाठी म्हणून तिनं इतकी वर्षं पोटच्या मुलाला हात लावला नव्हता. तो देव नव्हता, भीती होती, हे तिला सांगावं की तिचा अभिमान तिच्यापाशी राहू द्यावा? मावशीला तमिळ अक्षरांखेरीज वाचता येत नाही आणि इथं नावं बदलली आहेत, म्हणून तरी हे लिहू शकते.

सांगायचं ठरवूनच मी कुंभकोणमला गेले. दुपारी घर आडवं झालं होतं. मावशी अण्णाच्या रिकाम्या खोलीत गेली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि थेट विहिरीवर जाऊन लुगड्यासकट अंगावर पाणी ओतायला लागली. या वयात! मी धावत जाऊन पोहरा काढून घेतला, ओरडलेच. "सवय गे," ती म्हणाली. "तो दुपारीं निजला कीं मी जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवायचें. दर खेपेला. मग येऊन न्हायचें."

"त्याची मडी मोडली म्हणून?"

"मोडली मी, तर न्हायचें मीच. त्याला कशाला उठवायचं?"

मी सांगायला आले होते ते सांगितलं नाही. त्याला कधी कळलं नाही का, एवढंच विचारलं. मावशीनं पदर पिळला, आणि पिळता पिळता थांबली.

"डोळे मिटलेले असायचे. पण मी हात ठेवला कीं श्वास धरून पडायचा... निजलेला माणूस श्वास धरतो काय गे?"