मैदानावर पडलेला मुरूम

आमच्या भागात शेतात मुरूम पडला की पुढे काय होणार ते कोणी विचारत नाही. आधी मुरमाचा भराव, मग पत्र्याचं कुंपण, मग गोदाम. भिवंडीत वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. म्हणून त्या सकाळी कॉलेजला जाताना रिक्षातून प्रदर्शनाच्या मैदानावर मुरमाचे ढीग दिसले, तेव्हा मी नुसती बघत राहिले. शेजारी बसलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "गेलं, हे पन गेलं."

मैदान म्हणजे खरं तर एकाच्या मालकीचं भातशेत. कापणी झाली की ते रिकामं होतं आणि आसपासच्या गावांचं आमचं शेतकरी मंडळ तिथे दरवर्षी प्रदर्शन भरवतं. बैल, म्हशी, कोंबडे, तांदळाचे नमुने, भाज्या. मंडळाला ऑफिस नाही. मांडवाचे बांबू वर्षभर शाळेच्या मागे पडलेले असतात. माझे बाबा नारपोलीत लूमवर ड्युटी करतात, पण प्रदर्शन आलं की शिफ्ट बदलून घेतात आणि चुन्याने मैदान आखतात. कुठे गुरं, कुठे टेबलं, माणसांनी कुठून यायचं, सगळं.

पण त्या दिवशी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते आईचं कोनफळ.

आमचं शेत मी लहान असतानाच विकलं गेलं. घरामागे एक तुकडा उरला, त्यात आई भाज्या लावते. कोनफळ हा जांभळा कंद जमिनीत वाढतो, त्यामुळे तो केवढा झालाय ते वरून कळत नाही. आईला एकदा तरी तो प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवायचा होता. कुदळ लागलेला कंद तिथे चालत नाही, अख्खाच लागतो. मागच्या वर्षी बाबा मदत करायला म्हणून कुदळ घेऊन गेले आणि कंदाचे दोन तुकडे झाले. आईने ते शिजवून वाढले, पण एक शब्दही बोलली नाही. बाबांना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं असावं, निदान मला तसं वाटलं. या वर्षी वेल कधीच वाळला होता, शेजाऱ्यांनी आपापले कंद काढलेही होते. आई मात्र थांबली होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी काढायचा, म्हणजे ताजा दिसतो.

संध्याकाळी मी घरी येईपर्यंत मुरमाची बातमी पोचली होती. आई म्हणाली, "मंग कशाला ठेवायचा? काढते उद्या. उकडून खाऊ." आणि भाकरी थापायला बसली.

मी बाबांना विचारलं, "मालकांना कोणी विचारलं का?"

"काय विचारनार? जागा त्याची हाय."

मंडळाचे अध्यक्ष आमच्या ओट्यावरच बसले होते. ते नात्याने माझे काका लागतात. ते म्हणाले, "अजून नारल पन दिला न्हाय."

हा आमच्याकडचा रिवाज आहे. दरवर्षी कापणीनंतर मंडळाची माणसं मैदानाच्या मालकांकडे नारळ घेऊन जातात. गुरांची चौकशी होते, लग्नांच्या गोष्टी निघतात, चहा होतो. मैदानाचा विषय कोणी काढत नाही. नारळ ओट्यावर ठेवायचा. मालकांनी तो आत नेला की मैदान आपलं. तोंडाने मागितलं तर समोरच्यावर नाही म्हणायची पाळी येते, आणि एकमेकांच्या नात्यातल्या माणसांत 'नाही' हा शब्द फार वर्षं टिकतो.

"मग या वर्षीही न्या ना," मी म्हणाले.

"न् त्यानी तिथंच ठेवला तर?" काका म्हणाले. "गावात तोंड कुठं लपवू?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हिलाच पाठवू. कॉलेजची पोर हाय. काय चुकलं तर बोलता येईल, हिला रिवाज ठाव न्हाय."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, आणि त्याचा असा काही उपयोग असेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेलार गावात मालकांच्या घरी गेले. म्हातारे गृहस्थ ओट्यावर वाल सोलत बसले होते.

"कोनाची गो तू?"

"मैदान आखतात ना, त्यांची."

"चुनेवाल्याची? ये बाय, बस."

मी नारळ ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वाल सोलत राहिले. काय शिकतेस विचारलं. कॉमर्स म्हटलं. त्याने काय होतं, विचारलं. अजून नक्की माहीत नाही म्हटलं. गुरांची चौकशी करायची राहिली हे तेव्हा लक्षातही आलं नाही. मी सरळ विचारून टाकलं.

"काका, तिथे गोदाम होणार आहे का?"

त्यांचे हात थांबले. "कोन बोल्ला?"

"मुरूम पडलाय ना."

"अगो, मागच्या साली पाऊस येऊन चिखल झाल्ता ना? बैल घसरला, टेम्पो रुतला, तुज्या बापाचा चुना वाहून गेला. म्हनून मुरूम टाकून घेतला, रस्त्यापासून मांडवापर्यंत पसरायला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"मी कशाला सांगू? मुरूम पडला तरी तुमचाच नारल आला न्हाय! मी समजलो मंडल बंद पडलं." मग आत तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "सूनबाय, नारल आत ने. न् हिला पानी दे, बग कशी घामाघूम झाली."

मी पाणी प्यायले, आणखी मागून प्यायले. बाहेर रस्त्यावर येताच आईला फोन लावला.

"आई, कोनफळ काढू नकोस!"

"काढायलाच बसलेय."

"किती काढलंस?"

"माती सारलीय नुसती. वरचं टोक दिसतंय."

"माती परत घाल. नारळ आत नेला."

पलीकडे हातांनी माती ओढल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "घातली."

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तिने कंद खुरप्याने आणि हातांनी काढला. बाबा हात मागे बांधून लांब उभे होते. तो अख्खा निघाला, वाकडातिकडा, हत्तीच्या पायासारखा. मैदानावर पसरलेल्या लाल मुरमावर बाबांचा चुना इतका उठून दिसत होता की लोक रेषा ओलांडताना थांबत होते. पहिलं बक्षीस दुसऱ्याच बाईंना मिळालं. त्यांचा कंद मोठा होता, हे आईनेही मान्य केलं. तरी ती दोन्ही दिवस आपल्या टेबलामागून हलली नाही.

घरी आल्यावर तिने कंद धुतला आणि विळी बाबांपुढे सरकवली.

"आता कापा," ती म्हणाली. "आता करा कितीपन तुकडे."