गास्पारची कॉलर

पॅरिसजवळच्या स्टुडिओत राजदरबारी सिनेमांसाठी लेसच्या कॉलरी शिवणारी सिदोनी लहानपणीच्या तापात बहिरी झाली होती. पण ओठांवरून बोलणं ओळखण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मूकपटात आवाजच नाही, म्हणून नट वाटेल ते बरळत. राणीपुढे गुडघा टेकून नायक म्हणे, "बाई गं, किती लसूण खाल्लायस!" सिदोनी एकटीच खुदखुदे.

तलवारबाज गास्पार पडद्यावर नेहमीच मरायचा. एकदा मात्र समोरच्याच्या तलवारीच्या टोकावरचं, इजा होऊ नये म्हणून लावलेलं बोंड निसटलं आणि तो खरोखरच मेला. निर्लज्ज दिग्दर्शकानं ते दृश्य तसंच ठेवलं. रक्ताळलेली कॉलर सिदोनीनं गुपचूप घरी नेली. ती रोज थंड पाण्यात घासायची, पण डाग काही हटेना.

सिनेमा लागला. गास्पार कोसळताच लोकांनी टाळ्या पिटल्या. त्याचे ओठ म्हणत होते, "थांबवा रे, खरंच लागलंय!" सिदोनी रडतच घरी आली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. गास्पार कोसळला, पण या वेळी त्यानं मान वळवून थेट तिच्याकडे पाहिलं.

"सिदोनी," त्याचे ओठ हलले, "कॉलर जरा हळू घास गं, दुखतंय."