माईंच्या खोलीतली गार वाऱ्याची पेटी

नीट चालणाऱ्या वस्तूचे किस्से होत नाहीत. आमच्या विहिरीचा रहाट वर्षानुवर्षं बिनबोभाट फिरला, त्याच्याबद्दल सांगायला माझ्याकडे काहीही नाही. पण एखादी वस्तू बिघडू द्या! जो येतो तो तिला हात लावतो, अक्कल सांगतो आणि जाताना एक किस्सा मागे ठेवून जातो. आमच्या कर्जतच्या बंगल्यावर एका उन्हाळ्यात असे इतके किस्से साठले की अजून कुठे चार माणसांत बसलो की कोणीतरी म्हणतंच, "बापू, ती पेटी सांगा!"

मग मी सांगतो. लोक हसतात. मीही हसतो, शेवटापर्यंत मात्र नाही.

तर मी त्या बंगल्याचा कारभारी. नावाला कारभारी हो! विहिरीच्या दोरापासून कौलांवरच्या माकडांपर्यंत सगळी कटकट माझ्या डोक्यावर. मालक रावसाहेब. सगळी नोकरी नागपूरकडे कालव्यांच्या खात्यात झालेली, कडक माणूस. जर्मनची लढाई संपल्यावर पेन्शन घेऊन आले आणि कर्जतला नदीकाठी बंगला घेतला. सोबत त्यांच्या पत्नी, माई. मूलबाळ नाही. दोघंच.

माईंचं हृदय दुबळं झालं होतं. पायांवर सूज, दोन पावलं चालल्या की धाप. आडवं झोपता येत नसे, म्हणून दिवसरात्र आरामखुर्चीतच बसून असायच्या. फाल्गुनात डॉक्टर येऊन गेले आणि फाटकाशी रावसाहेबांना म्हणाले, "उकाडा यांना झेपणार नाही. खोली गार ठेवा. एवढा उन्हाळा निघाला, तर पुढचं बघू."

रावसाहेब परत आले ते थेट माझ्याकडे. "बापू, नागपूरहून माझी पेटी मागवायची."

* * *

पेटी मालगाडीनं आली. स्टेशनवरून बंगल्यावर आणायला बैलगाडी लागली! चांगली माणूसभर उंच, लाकडी. आत पंख्याचं मोठं चाक, बाहेर ते फिरवायचा दांडा. तीन बाजूंना वाळ्याचे पडदे आणि त्यांच्यावर वरून पाण्याची संततधार. चाक फिरलं की बाहेरचा वारा ओल्या वाळ्यातून खेचला जायचा आणि गार होऊन खोलीत यायचा. नागपूरला म्हणे भर वैशाखात तिच्यासमोर बसलं की पांघरूण घ्यावं लागायचं.

तुम्ही म्हणाल, विजेचा पंखा का नाही? अहो, वीज पलीकडे खोपोलीला तयार व्हायची, पण तिच्या तारा निघायच्या त्या थेट मुंबईला. आमच्याकडे कंदील!

माईंच्या खोलीच्या दोन खिडक्यांपैकी एक काढून तिथे पेटी बसवली. दांडा फिरवायला ठाकूरवाडीतला गोमा ठेवला. काळाकभिन्न, बोलायला कमी, हाताला दणकट. पेटी बघून तो म्हणाला, "ह्ये तर वाऱ्याचं जातं हाय."

पहिल्या दिवशी आम्ही सगळे खोलीत गोळा झालो. बाहेर गोमानं दांडा फिरवला. चाक घरघरलं, वारा सुटला, माईंच्या कपाळावरचे केस उडाले. रावसाहेब खुर्चीशेजारी वाकून उभे.

"कसं वाटतंय?"

माईंनी डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाल्या, "वास फार छान येतोय हो."

वास छान! वारा मात्र कोमट होता. हे सगळ्यांना कळलं आणि बोललं कोणीच नाही.

* * *

रावसाहेबांनी पहिला संशय घेतला गोमावर. दांडा हळू फिरतोय! मग हातात घड्याळ घेऊन खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसले. "फास्ट! आणखी फास्ट!" गोमाच्या अंगातून पाण्याचे ओघळ. पेटी अशी हादरायला लागली की वरचं घमेलं सरकून पाणी रावसाहेबांच्या डोक्यावर!

ते तसेच भिजलेले बसून राहिले. म्हणाले, "पाणी तर गार आहे. मग वारा का नाही?"

गोमानं दांडा सोडला. "रावसाब, मी वारा फिरवतो. वाराच गरम आला तर मी काय करू?"

दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी घरी गेला असता. रावसाहेबांनी टॉवेल मागितला आणि म्हणाले, "खरं आहे. उद्यापासून बघू हा वारा येतो तरी कुठून."

* * *

वारा कुठून येतो ते दुसऱ्या दिवशी कळलं. यमुनाकाकू आमच्या स्वयंपाकीण. चुलीपाशी त्यांचं राज्य, तिथे रावसाहेबांनाही मज्जाव. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी होती पेटीच्या पाठीला लागून. काकूंनी आमटीला मिरच्यांची खमंग फोडणी दिली, इकडे गोमानं दांडा फिरवला आणि तो सगळा ठसका पेटीनं सरळ माईंच्या खोलीत सोडला!

रावसाहेब शिंकतायत, मी खोकतोय, बाहेर गोमाला पत्ताच नाही. तो बिचारा इमानानं फिरवतोय. "थांबव! अरे, थांबव!"

माईंना उबळ आली. ती थांबेचना. ओठ निळसर झाले. आम्ही खुर्चीभोवती नुसते उभे, हात काय लावणार? शेवटी एकदाची थांबली, तेव्हा काकू दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून, रडत.

माईंनी त्यांना जवळ बोलावलं. श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "यमुने, आमटी झकास झाली असणार गं."

त्या दिवसापासून काकूंनी चुलीवर फोडणी केली नाही. कोणी सांगितलं नव्हतं. सबंध उन्हाळा आम्ही सगळ्यांनी उकडलेलं खाल्लं आणि एकानंही तक्रार केली नाही.

* * *

मग मिस्त्री. खोपोलीहून पहिला आला तो खरं बोलणारा निघाला. पेटी उघडली, चाक बघितलं, तेल सोडलं आणि म्हणाला, "पेटीत काय बिघाड नाय. फसकलास हाय."

"बिघाड नाही? मग गार का होत नाही?"

"ते मला काय म्हाईत? माझं काम पेटीचं."

रावसाहेबांचा असा भडका उडाला की मिस्त्री हत्यारं अर्धी टाकून पळाला! पुढे दोन दिवस रावसाहेब जेवले नाहीत. माई मला म्हणाल्या, "बापू, दुसरा मिस्त्री बोलवा. आणि तो काहीतरी बिघाड शोधेल असं बघा."

मी चौक गावाहून दुसरा आणला. त्याला फाटकाशीच गाठून सांगितलं, "हे बघ, काहीतरी खराब निघालं पाहिजे." गडी हुशार. दुपारभर आत ठोकाठोक केली आणि एक झिजलेला लोखंडी तुकडा रावसाहेबांच्या हातावर ठेवला. "ह्यानं सगळा घोळ केला साहेब!"

रावसाहेबांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! तो तुकडा घेऊन खोलीत गेले, माईंना दाखवला, मला दाखवला, काकूंनाही दाखवला. "बघा, मी म्हणत नव्हतो? याला म्हणतात मिस्त्री!"

जाताना मी मिस्त्रीला विचारलं, तो तुकडा पेटीतला कुठला?

"पेटीतला कसला? माझ्या सायकलचा हाय."

* * *

बर्फाचा किस्सा सगळ्यांना आवडतो. पेटीवरच्या पाण्यात बर्फ घालायची कल्पना रावसाहेबांची. मुंबईहून गोणपाटात, लाकडाच्या भुशात बांधलेली लादी पार्सलनं मागवली. गाडी आली तेव्हा मी घरी माईंपाशी होतो, म्हणून टांगेवाल्याला पाठवलं.

आता बर्फ म्हणजे कर्जतला नवलाई. गाडीतून उतरवताना हमालानं गोणपाट सोडून बघितलं, किती उरलाय. स्टेशनमास्तरांनी बघितलं. गाडीला घाटासाठी मागून इंजिन लावायला थांबलेल्या मंडळींनी बघितलं, त्यांतल्या एकानं तर चाटून बघितलं! टांगेवाल्यानं वाटेत भेटेल त्याला दाखवला. प्रत्येकानं काळजीनं विचारलं, "वितळत तर नाही ना?" आणि प्रत्येकानं उघडून खात्री केली!

बंगल्यावर आला तो ओला भुसा. त्यात आवळ्याएवढा एक खडा.

रावसाहेबांनी गोणपाट बाजूला सारलं. तो खडा उचलला, धोतराच्या सोग्यानं भुसा पुसला आणि माईंच्या खोलीत गेले. दारातून मी बघत होतो. त्यांनी तो माईंच्या तळहातावर ठेवला आणि वरून आपला हात धरला. त्यांच्या बोटांतून पाणी गळायचं थांबेपर्यंत दोघं तशीच बसली होती. मी आलो निघून. ते बघायचा मला अधिकार नव्हता.

* * *

हे सगळं चालू असताना खरं कारण घरात एका माणसाला ठाऊक होतं. माईंना!

वैशाख निम्मा सरला होता. मी त्यांचं औषध घेऊन गेलो. चोळी घामानं चिंब, तोंड सुजलेलं. बाहेर दोरीवर काकूंनी सकाळी टाकलेलं धुणं दिसत होतं. माई म्हणाल्या, "बापू, ते लुगडं वाळलं का बघा हो."

मी बघून आलो. "दमट आहे अजून."

"नागपूरला धुणं दोरीवर टाकून वळलं की वाळायचं. तिथली हवा तहानलेली, वाळ्याचं पाणी पिऊन गार व्हायची. इथली हवा आधीच भिजलेली. तिला आणखी किती भिजवणार?"

मी म्हणालो, "माई, मग हे साहेबांना सांगू या ना! उगाच जिवाचं रान करतायत."

"खबरदार!" एवढ्या अशक्त बाईचा आवाज, पण मी दचकलो. "पेटी बिघडली आहे तोवर त्यांच्या हाताला काम आहे. काम संपलं की ते माझ्याकडे बघत बसतील. ते मला बघवणार नाही."

तेवढ्यात बाहेर रावसाहेबांच्या वहाणा वाजल्या. माईंनी खुंटीकडे बोट दाखवलं. "शाल द्या. लवकर!"

भर वैशाखात, अंगाची काहिली होत असताना त्या बाईनं हिरवी लोकरीची शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. रावसाहेब आत आले तेव्हा म्हणाल्या, "अहो, गोमाला जरा हळू फिरवायला सांगा. गारठले मी."

रावसाहेब दुसऱ्या खिडकीशी धावले. "हळू रे! गारठतायत त्या!" आणि माझ्याकडे वळून बघितलं. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर रोज, वहाणांचा आवाज आला की शाल. मी द्यायचो, कधी काकू द्यायच्या. बाहेर आलो की आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

* * *

माई गेल्या ज्येष्ठ लागता लागता, दुपारी. ढग येऊन दाटले होते आणि पान हलत नव्हतं. डॉक्टर आले, नाडी बघितली, हात खाली ठेवला. शाल अंगावरच होती.

पुढचं सगळं झालं. माणसं आली, काकूंचा हंबरडा, माझी धावपळ. माईंना अंगणात आणलं. आणि त्या सगळ्यात घरघर कसली येतेय म्हणून मागे गेलो, तर गोमा दांडा फिरवतोय! डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"अरे, थांब ना आता!"

"रावसाबांनी थांब म्हनलं नाय," तो म्हणाला.

* * *

आता शेवटचा सांगतो.

पौषात जबलपूरकडे बदली झालेले एक गृहस्थ पेटी विकत मागायला आले. पेटी अजून माईंच्या खोलीच्या खिडकीतच होती. तिथून ती काढा असं म्हणायची कोणाची छाती होती? आत आरामखुर्ची तशीच, माईंच्या अंगावरून काढून ठेवलेली शाल खुंटीवर.

गृहस्थ म्हणाले, "चालते ना नीट? ऐकलं होतं की गार करत नाही."

"चालते," रावसाहेब म्हणाले. "बापू, गोमाला बोलवा."

त्या दिवसांत आमच्याकडे घाटावरून कोरडा वारा उतरतो. ओठ फुटतात, काकूंचं धुणं तासाभरात कडकडीत वाळतं. मी वाळ्यावर पाणी सोडलं. गोमानं दांडा धरला.

आणि काय सांगू तुम्हाला! पेटीतून असा गार वारा आला की अंगावर सर्रकन काटा आला. गृहस्थांनी कोटाची बटणं लावली. "वा वा! वंडरफुल मशीन!" काकू दारातून बघत होत्या, त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि आत निघून गेल्या.

रावसाहेब वाऱ्यासमोर उभे राहिले. हात पुढे केला, बोटं हलवून बघितली. बराच वेळ. मग खुंटीवरची हिरवी शाल काढली, झटकली, रिकाम्या आरामखुर्चीवर पसरली आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचली.

मग दुसऱ्या खिडकीशी जाऊन ते बाहेर वाकले.

"हळू रे, गोमा. गारठेल ती."

गोमानं हात हळू केला.