शेवटाआधी सुटणारी बस

मला हलकेफुलके हिंदी चित्रपट आवडतात. नायक-नायिका पहिल्या भेटीत भांडतात, मध्यंतरापर्यंत एकमेकांच्या आयांना पटवतात, कुणाच्या तरी लग्नात भलताच गैरसमज होतो आणि शेवटी एकजण विमानतळाकडे धावत सुटतो, तसले. आमच्या नात्यातल्या शहाण्या बायका म्हणतात, त्यात काय बघायचं, सगळं आधीच कळतं. कळू दे की. वरणभाताची चवही आधीच ठाऊक असते, म्हणून कुणी पानावरून उठत नाही.

गंमत अशी, की लग्नानंतर कितीतरी वर्षं मी यातल्या एकाही चित्रपटाचा शेवट पाहिलेला नव्हता.

तेव्हा आम्ही शहराबाहेर येलहंक्याला सासूबाईंजवळ राहत होतो. आमचं घराणं इकडे कन्नड मुलखात इतक्या पिढ्यांपासूनचं, की महाराष्ट्रात ओळखीचं कुणी उरलेलं नाही. बोलण्यात निम्मं कन्नड आलं, पण दिवेलागणीचा नियम काही सुटला नाही. तुळशीपुढचा दिवा सुनेनंच लावायचा. सासूबाई चांगल्या धडधाकट होत्या, काडेपेटी त्यांच्याच कमरेला खोचलेली असे, पण दिवा माझ्यासाठी अडून बसायचा. ह्यांच्या कचेरीला शनिवारी अर्धा दिवस. मी बसनं शहरात मॅजेस्टिकच्या स्टँडवर यायची, हे तिथे भेटायचे आणि आम्ही दुपारचा खेळ गाठायचो. खेळ संपेपर्यंत थांबलं तर वेळेवर पोचवणारी बस चुकायची. त्यामुळे ऐन रंगात, नायिका रागानं बॅग भरायला लागली, की आम्ही उठायचो. अंधारात लोकांचे पाय तुडवत, त्यांची बोलणी खात बाहेर पडायचो.

बसमध्ये जागा मिळाली की मी विचारायची, "आता काय होईल हो तिचं?"

आणि हे शेवट सांगायचे. एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण त्या बसमध्ये त्यांची जीभ अशी सैल सुटायची की पुढच्या बाकावरची माणसं मान वळवून ऐकायची. नायक वेळेवर पोचायचा, नायिकेचे वडील विरघळायचे, लग्न व्हायचं. चित्रपटवाले तिथे थांबतात. ह्यांची गोष्ट तिथून पुढे खरी सुरू व्हायची. नायक दिल्लीचा असो नाहीतर लंडनचा, ह्यांच्या शेवटात तो बायकोला घेऊन आमच्या शहरातल्या मल्लेश्वरमलाच भाड्यानं राहायला यायचा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीसमोर झाड. घरमालकीण ठार बहिरी, म्हणजे मोठ्यानं हसलं तरी चालेल. सकाळची कॉफी नायक करणार. नायिका संध्याकाळी भाजी घ्यायला म्हणून बाहेर पडणार, दुकानं बघत रमणार आणि मनाला येईल तेव्हा घरी येणार.

"आणि दिवा?" मी विचारायची.

"तिला वाटेल तेव्हा. नाही वाटलं तर नाही."

मी त्यात भर घालायची. ओटा जरा उंच हवा, न्हाणीघराला आतून कडी हवी. येलहंका जवळ आलं की आम्ही दोघं गप्प व्हायचो, मी पदर सारखा करायची आणि उतरून भराभर चालायला लागायची.

त्या दोन खोल्या मी इतक्या वेळा मनात झाडल्या-पुसल्या आहेत, की आजही डोळे मिटून त्यांत वावरू शकेन.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही हेब्बाळला आमच्या फ्लॅटमध्ये राहतो. ओटा उंच आहे, सगळ्या दारांना आतून कड्या आहेत. दिवा मी लावते, कधी सातला, कधी आठला, कधी विसरते. आता प्रत्येक चित्रपटाचा शेवट आम्ही नावांची पाटी सरकून संपेपर्यंत बघतो. आणि परत येताना आमच्यात बोलायला काही नसतं. "बरा होता," हे म्हणतात. "बरा होता," मी म्हणते. झालं. इतकी वर्षं ज्या घराची आस धरली त्या घरात बसून मला त्या बसची आठवण येते. हे कुणाला सांगायचीही सोय नाही. आता हिला आणखी काय हवंय, असंच म्हणतील.

गेल्या महिन्यात एका शनिवारी आम्ही मल्लेश्वरमला चित्रपट बघायला गेलो. खोटंखोटं लग्न ठरवून घरच्यांना फसवणारं जोडपं. मी पोट धरून हसले, हेही हसले. मग नायिका बॅग भरायला लागली. माझ्या काय मनात आलं कोण जाणे, मी उठले.

"चला."

"अगं बस की. आता तर मजा आहे."

"मला नाही बघायचं. चला म्हणते ना."

हे घाबरून मागे आले. बाहेर येऊन माझी नाडी बघायला लागले. बीपी वाढलंय का, पाणी हवं का. मला काही होत नाही म्हटल्यावर चिडले. दोघंही फुगूनच रिक्षात बसलो. मेखरी सर्कलपाशी नेहमीप्रमाणे सगळं ठप्प झालं, तेव्हा ह्यांनी फोन काढला, काहीतरी शोधलं आणि वाचून दाखवलं, "तो विमानतळावर पोचतो. ती गेलेलीच नसते. लग्न होतं. झालं समाधान?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "पिक्चरचा शेवट कुणी विचारलाय? मला तुमचा हवा होता."

ह्यांनी फोन खिशात घातला.

"घर जवळ आलं की तुझा चेहरा उतरायचा," हे म्हणाले. "मला बघवायचा नाही. अम्माला सोडून वेगळं राहायची छाती नव्हती माझी. म्हणून तोंडानंच घर करून द्यायचो तुला."

मला ते तेव्हाही ठाऊक होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मग आता सांगा. घर झालं. पुढे काय होतं त्यांचं?"

"पुढे?" ह्यांनी डोकं खाजवलं. "पुढे दोघं म्हातारी होतात. सगळं मिळतं, आणि तो बावळट बोलायचंच विसरतो."

"आणि ती?"

"ती एक दिवस भर सिनेमातून उठून चालायला लागते."

मला हसू फुटलं. "मग?"

"स्वल्प थांब गं. विचार करू दे."

हे खरंच विचार करत होते. कपाळाला ती जुनी आठी पडली होती. तेवढ्यात पुढच्या गाड्या हलल्या. मेखरी सर्कलला गाड्या हलाव्यात म्हणून मी आजवर सगळ्या देवांना हाका मारल्या असतील, पण त्या दिवशी माझ्या छातीत धस्स झालं. इथून हेब्बाळ असं कितीसं लांब!

मी पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हटलं, "अण्णा, सावकाश घ्या. आम्हाला काही घाई नाही."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. असं सांगणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. "सरी अक्का," बरं म्हणून तो रिक्षा कडेकडेनं हळू चालवायला लागला. हे घसा खाकरत म्हणाले, "तर मग काय होतं..."

घर जवळ येत होतं, आणि मला अजून पोचायचं नव्हतं.