कवळीकाकांची निधनवार्ता
कवळीकाकांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. दोन्ही वेळा पोटभर जेवत होते, धापा न टाकता जिना चढत होते, आणि रोज सकाळी उठून स्वतःच्या निधनाची बातमी लिहीत होते.

याला कारण त्यांचा दोस्त. जन्मभर डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून कवळ्या बनवणारा साधा कारागीर. तो गेला, आणि वर्तमानपत्रात 'प्रसिद्ध दंतवैद्य' म्हणून छापून आला.

"मेलेल्या माणसाला दुरुस्ती देता येत नाही," काका म्हणाले. "आपली आपण लिहून ठेवलेली बरी."

"ठेवा. आधी टेबलावरचे ते जबडे हलवा, मला ताटं मांडायचीयत," काकू म्हणाल्या.

काकांच्या कामाची एक रीत होती. कवळी आधी मेणात बनवायची, गिऱ्हाइकाच्या तोंडात घालून त्याला बोलायला-हसायला लावायचं, कुठे टोचतं, कुठे हलतं ते पाहायचं आणि मगच पक्की करायची. निधनवार्तेलाही त्यांनी तीच रीत लावली. ते लिहायचे आणि काकूंकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे.

"जिथं अडखळशील तिथं खूण कर."

"अडखळतेय कशाला, पाठ झालंय मला. 'त्यांच्यामुळे दोन हजारांहून अधिक लोक पुन्हा चावू लागले.' अहो, लोक काय कुत्री आहेत?"

"मग 'घास चावू लागले' कर."

हा नववा दिवस. गॅसवर भाजी करपली होती, आणि काकू नवव्यांदा शेवटच्या ओळीशी येऊन थांबल्या होत्या. 'त्यांच्या मागे पत्नी, कन्या व जावई असा परिवार आहे.'

एकतीस वर्षं त्या मागच्या खोलीत पॉलिशच्या मोटरवर बसत होत्या. काकांच्या हातून आलेली खरखरीत कवळी फिरत्या चाकावर धरून, कड न् कड घासून, काचेसारखी करून द्यायच्या. त्यात बोटांच्या टोकांवरच्या रेषाच झिजून गेल्या. मागच्या महिन्यात बँकेतल्या अंगठ्याच्या यंत्रानं त्यांना तीनदा नाकारलं, तेव्हा कारकून म्हणाला होता, "आजी, तुम्ही आहात की नाही?"

"इथं अडतंय," काकू म्हणाल्या.

"कुठं?"

"पत्नीपाशी."

"मग सौभाग्यवती लिहू? नाही, मी गेल्यावर ते कसं चालेल."

"तुमच्या मागे राहिले, एवढंच केलं का मी? मोटरवर कोण बसतं?"

"ते काय लिहायचं? घरचंच तर काम."

काकूंनी चष्मा काढला. आत गेल्या, मोटरचं बटण बंद करून आल्या. "बरं. मग आजपासून घरातल्या दुसऱ्या माणसानं करावं."

चार वाजता हेडमास्तर वरची कवळी न्यायला येणार होते. काकू मोटरवर बसतील म्हणून काकांनी तासभर वाट पाहिली. मग तणतणत स्वतःच मोटरवर बसले. दुसऱ्याच मिनिटाला चाकानं त्यांच्या बोटांतून कवळी हिसकावली आणि भिंतीवर भिरकावली. पुढचा एक दात उडाला.

हेडमास्तर आले. उडालेला दात काकांच्या तळहातावर पाहून म्हणाले, "हे कसं झालं?"

"पॉलिशला मी बसलो होतो."

"तुम्ही? काकू बऱ्या नाहीत का?"

"चांगली आहे."

"मग तुम्ही कशाला हात लावलात? खालची कवळी दहा वर्षं वापरतोय मी, जिभेला कधी कड लागली नाही. दात तुम्ही छान बसवता हो, पण तोंडात कवळी राहते ती त्यांच्या हातामुळे. हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे."

काकू दारातच उभ्या होत्या. काकांनी हेडमास्तरांना खुर्ची दिली आणि कागद ओढला.

"'पत्नीच्या मोलाच्या सहकार्यानं...' हे कसं वाटतं?"

"सहकार्य शेजारीण करते, जिना झाडताना," काकू म्हणाल्या.

काकांनी खोडलं. पेन्सिल चावली. पुन्हा लिहिलं, आणि या वेळी नुसताच कागद पुढे केला. काकूंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"'कवळ्यांत दात त्यांनी बसवले. त्या कवळ्या लोकांच्या तोंडात सुखानं राहिल्या त्या त्यांच्या पत्नीमुळे. एकतीस वर्षं प्रत्येक कवळीला पॉलिश तिनं केलं.'"

कुठंही अडखळल्या नाहीत. हेडमास्तरांनी मान डोलावली.

"लांबलंय जरा," काका म्हणाले. "काहीतरी कमी करायला हवं."

"करा की. वर 'मनमिळाऊ स्वभावाचे' लिहिलंयत, ते काढा. आणि आधी मास्तरांचा दात बसवा. तुमच्या मरणाची कुणाला घाई नाही, त्यांना उद्या फोटो काढायचाय."